आजींनाही तालीम हवी!



आपलं कोल्हापूर म्हणजे तालमींचं गाव. पेठेपेठेत तालीम, आणि शाहू महाराजांनी कुस्तीसाठी उभारलेलं १९१२ पासूनचं खासबाग मैदान. जोर, बैठका, खुराक हे शब्द आपल्या कानांना मीठ-भाकरीइतके ओळखीचे. पण तालीम म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती तांबडी माती आणि लंगोट कसलेली तरणी पोरं. घरात सोप्यावर खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाईंनाही तालीम हवी, किंबहुना त्या पोरांपेक्षा त्यांनाच ती जास्त हवी, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा.

रंकाळ्यावर पहाटे फेरी मारणारी, अंबाबाईच्या दर्शनाला चालत जाणारी वडीलधारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण मृग लागला की सगळं बदलतं. रस्ते निसरडे, गल्लीत पाणी, फरशीवर शेवाळ. "आई, आज नको बाहेर जाऊस," असं मुलगा सांगतो आणि ते बरोबरच असतं. मात्र जून ते सप्टेंबर हा "आज" काही संपत नाही. मग नवरात्र येतं, ललितापंचमीला टेंबलाईला जायचं ठरतं, आणि तेव्हा कुठं आपल्या लक्षात येतं की सासूबाईंना पाटावरून उठताना आता हात द्यावा लागतो. दोन पायऱ्या चढल्या की त्या कठड्याला धरून उभ्या राहतात. आपण म्हणतो, "वय झालं." वय झालंच आहे; पण चार महिन्यांत काही चार वर्षं उलटलेली नसतात. उलटले ते चार महिने, नुसत्या बसण्याचे.

या बसण्यात आपलाही हात असतो बरं का. "बसा हो आई, मी करते," असं आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. पाण्याचा तांब्या हातात देतो, ताट खुर्चीपाशी नेऊन ठेवतो, तुळशीला पाणी घालायचं कामही नातवावर सोपवतो. शेजारपाजारचे म्हणतात, सून गुणाची आहे! हे सगळं प्रेमानं होतं, पण त्याची किंमत सासूबाईंचे पाय मोजतात. रोजच्या वापरातली विळी धार धरून असते, फडताळात पडलेली गंजते. शरीराचंही तसंच.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. अमेरिकेत २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. साठीपुढच्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं. तेवढ्या दहा दिवसांत त्यांच्या पायांचं सरासरी जवळजवळ एक किलो मांस झडलं. आजार नाही, ताप नाही, नुसतं पडून राहणं! तापात किंवा ऑपरेशननंतर आपल्या घरातलं म्हातारं माणूस "एकदम खचलं" असं आपण म्हणतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

आता याची दुसरी बाजूही ऐका, कारण ती मोठी आशेची आहे. बोस्टनमध्ये १९९० साली वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या, अशक्त अशा दहा जणांना आठ आठवडे पायांसाठी वजनाचा व्यायाम दिला गेला. एक जण मध्येच थांबला. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांनी वाढली, म्हणजे पूर्वीच्या अडीचपटीहून जास्त झाली. दोघांची काठी सुटली! नव्वदीत जर हे होतं, तर आपल्या घरातल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईनं "आता या वयात कसला गं व्यायाम?" म्हणण्यात काय अर्थ आहे?

पडणं साधं नसतं

म्हातारपणी पाय कमजोर झाले की पहिली भीती पडण्याची. पाळी गेल्यानंतर बाईची हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. पहाटे मोरीकडे जाताना तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं, की मग ऑपरेशन, वॉकर, महिनोन्महिन्यांचं परावलंबन. पडण्याच्या भीतीनं माणूस आणखी बसून राहतं, बसल्यानं पाय आणखी कमजोर होतात. आणि या सगळ्यात अंथरुणाशी कोण उभं राहतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

कोल्हापूरकरांना तर आणखी एक गोष्ट आठवत असेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला चटकन उठून माडीचा जिना चढता येणं, नावेत पाऊल टाकता येणं, याचं मोल काय असतं ते त्या घरांना विचारावं.

पडणं टाळायला घरातला व्यायाम किती उपयोगी पडतो, याची एक सुरेख कसोटी न्यूझीलंडमध्ये झाली. डनिडिन गावातल्या, वयाची ऐंशी वर्षं पूर्ण केलेल्या २३३ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्याजणींच्या घरी फिजिओथेरपिस्टनं जाऊन पायांचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवले. पहिल्या दोन महिन्यांत चार भेटी, पुढचं ज्याचं त्यानं घरीच करायचं, आठवड्यातून तीनदा अर्धा तास. बाकीच्या निम्म्याजणींकडेही कुणीतरी तितक्याच वेळा गेलं, पण फक्त गप्पा मारायला. वर्षअखेरीचा हिशेब १९९७ साली छापून आला. गप्पांच्या गटात पडण्याचे प्रसंग १५२, व्यायामाच्या गटात ८८. ना मशीन, ना जिम. घरातली भिंत, खुर्ची आणि थोडी चिकाटी.

घरच्या घरी व्यायाम ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यासच घेतला होता. ते स्वतः म्हातारपणीही घालत, शाळांतल्या मुलांकडून घालून घेत आणि स्त्रियांनीही घालावेत असं सांगत. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार २०१४ साली पंचाण्णवाव्या वर्षी गेले. उतारवयातल्या आणि दुखण्याच्या माणसांना आसनं जमावीत म्हणून त्यांनी खुर्ची, भिंत, दोरी, लोड यांचा आधार घेण्याची पद्धत रूढ केली. आधार घेण्यात कमीपणा नाही, हे त्यांच्याकडून शिकावं. मात्र सत्तरीत पहिल्यांदाच सूर्यनमस्कार सुरू करू नयेत. खाली वाकून वर येताना चक्कर येण्याची भीती असते. त्यापेक्षा पुढची घरगुती तालीम बरी.

तालमीचे सहा डाव

सामान काय लागेल? हाताची, न हलणारी एक खुर्ची आणि स्वयंपाकघरातला ओटा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते. पाय अनवाणी आणि कोरडे, किंवा रबरी तळव्याची चप्पल. मोजे घालून फरशीवर मुळीच नको. साडीचा घोळ वर खोचून घ्यायचा. पहिले पंधरा दिवस तुम्ही शेजारी उभ्या राहा.

सुरुवातीला पाच मिनिटं जागच्या जागी चालणं. ओट्याला एक हात लावून, गुडघे जमतील तेवढे उचलत. अंग थोडं गरम झालं पाहिजे.

पहिला डाव, खुर्चीच्या बैठका. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पावलं गुडघ्यांखाली घ्यायची, थोडं पुढं झुकून उभं राहायचं आणि हळूहळू बसायचं. धपकन बसायचं नाही, कारण खरी ताकद सावकाश बसण्यातच येते. आधी हातांचा आधार घ्यावा, पुढे तो कमी करावा. पाचपासून सुरुवात, महिन्याभरात दहा. सगळं सोडा, पण हा एक सोडू नका. संडासातून, पलंगावरून, रिक्षातून उठणं हे सगळं या एका हालचालीवर अवलंबून आहे.

दुसरा, टाचा उचलणं. ओटा दोन्ही हातांनी धरून चवड्यांवर उभं राहायचं, मनात तीन मोजायचे, खाली यायचं. मग उलट, चवडे उचलून टाचांवर. दोन्ही दहा-दहा वेळा. पाऊल अडखळून पडणं यानं कमी होतं.

तिसरा, पाय बाजूला नेणं. ओट्याकडे तोंड करून, अंग न झुकवता एकेक पाय बाजूला उचलायचा. दहा-दहा वेळा. खुब्याभोवतालचे स्नायू यानं घट्ट होतात.

चौथा, गुडघा सरळ करणं. खुर्चीत मागं टेकून बसायचं, एक पाय समोर सरळ करून पाच मोजेपर्यंत धरायचा. गुडघे दुखणाऱ्यांना हा फार गुणकारी, कारण मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. महिन्यानं सोपं वाटायला लागलं की कापडी पिशवीत पाव किलो वाळू किंवा तांदूळ शिवून ती घोट्याला बांधा. पुढं अर्धा किलो.

पाचवा, भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर दूर उभं राहून तळवे छातीसमोर भिंतीला लावायचे, कोपरं वाकवत पुढं जायचं, ढकलून मागं यायचं. आठ-दहा वेळा. दंड, छाती आणि मनगटं यांना बळ येतं. नातवंडं हसतील. हसू देत, त्यांनाही शेजारी उभं करा!

सहावा, तोल. ओटा धरून एका पावलापुढं दुसरं पाऊल, टाच चवड्याला लागेल असं ठेवून दहा मोजेपर्यंत उभं राहायचं. मग पाय बदलायचे. जमू लागलं की दोन बोटांचाच आधार. त्यापुढं एका पायावर उभं राहणं. पण हात ओट्यापासून वीतभरापेक्षा लांब जाता कामा नये.

सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. हे एक दिवसाआड केलं तरी चालतं. मधल्या दिवशी सोप्यापासून परड्याच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालाव्यात, दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. जेवणानंतर थोड्या वेळानं घातलेल्या येरझाऱ्या साखरेच्या रुग्णांना विशेष हितकारक. वेग किती ठेवायचा? बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका. आणि श्वास रोखायचा नाही. मोठ्यानं आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

आधी हे पाहा

हृदयविकार, न आवरणारा रक्तदाब, नुकतंच झालेलं डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन, जुनं फ्रॅक्चर, वारंवार चक्कर, यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको, आणि गूळ-साखर हाताशी ठेवा. व्यायाम करताना छातीत दुखलं, दम फार लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर लगेच थांबून बसवायचं. छातीतलं दुखणं थांबत नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. पहिल्या आठवड्यात मांड्या आणि पोटऱ्या जड वाटतील, ते चालतं. सांधा सुजला किंवा टोचल्यासारखा दुखू लागला तर तो एक डाव सोडून बाकीचे करा.

घरही एकदा नजरेखालून घाला. मोरीतलं शेवाळ ब्रशनं घासून काढा, न्हाणीत आणि संडासात भिंतीला पकडायला दांडी बसवून घ्या, वाटेतली सुटी पायपुसणी उचला, रात्री बारीक दिवा चालू ठेवा. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर कडेला बसायची सवय लावा. एकदम उठल्यानं रक्तदाब उतरून कित्येक जण पडतात.

खुराक हवाच

पैलवानाला जोर-बैठकांबरोबर खुराक लागतो, हे या गावात कुणाला सांगायला नको. पण आपल्या घरची म्हातारी माणसं रात्री चहात खारी बुडवून "झालं माझं जेवण" म्हणतात. स्नायू बांधायला नुसता चहा-खारी पुरत नाही. दोन्ही वेळेला वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ, दूध-दही-ताक, घरात चालत असेल तर अंडं, यांतलं काहीतरी पानात हवंच. दात नसतील तर उसळ मऊ शिजवून चेचून द्या, पण द्या. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून.)

त्या ऐकतील कशा?

हाच खरा अवघड डाव! "व्यायाम करा" म्हटलं की सासूबाई म्हणतात, "जन्मभर जातं ओढलं, आड उपसला, आता तेवढंच राहिलंय होय?" मामंजी म्हणतात, "आम्ही तरुणपणी पाचशे बैठका मारल्यात." दोघांचंही खरं आहे. पण तरुणपणची ताकद बँकेतल्या ठेवीसारखी साठून राहत नाही. ती दुधासारखी, रोजची रोज लागते.

उपदेश करू नका. मालिकेच्या आधीची किंवा सांजवातीनंतरची वेळ ठरवून टाका. आकडे मोजायचा कंटाळा येत असेल तर प्रत्येक बैठकीला "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणू द्या. नातवाला "वस्ताद" करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची खूण त्यालाच करू द्या.

आणि पहिल्याच दिवशी एक मोजमाप घ्या. हात छातीशी घेऊन, आधार न घेता, अर्ध्या मिनिटात खुर्चीतून पूर्ण उठून किती वेळा बसता येतं ते मोजायचं. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईला अकरापेक्षा कमी, सत्तर ते चौऱ्याहत्तरला दहापेक्षा कमी, ऐंशी ते चौऱ्याऐंशीला नवापेक्षा कमी जमलं, तर पाय कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका आहे असं समजतात. आकडा लहान आला तर हिरमोड होऊ देऊ नका. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. चाराचे सात झालेले दिसले की पुढं तुम्हाला सांगावं लागणार नाही.

शिवाय त्यांच्या हातातून काढून घेतलेली कामं थोडी थोडी परत द्या. बसून भाजी निवडणं तर हवंच, पण उभ्यानं कपडे वाळत घालणं, तुळशीला पाणी, देवपूजा, ताटं मांडणं हीदेखील. "बसा आई"च्या ऐवजी "आई, जरा येता का?" म्हणून पाहा. कामाला लागणारं माणूस स्वतःला अडगळ समजत नाही. झोप, भूक, पोट साफ होणं आणि चिडचिड कमी होणं हे फायदे वरकड.

आता शेवटचं, तुमच्याबद्दल. "दिवसभर राबतो की आम्ही, वेगळा व्यायाम कशाला?" असं तुमच्यापैकी पुष्कळजणी म्हणतील. घरकामानं दमायला होतं हे शंभर टक्के खरं. पण ओट्याशी वाकून वाकून उभं राहण्यानं मांड्यांची ताकद आणि तोल वाढत नाही, पाठ तेवढी धरते. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर आपलेही स्नायू हळूहळू उतरणीला लागलेले असतात. तेव्हा सासूबाई खुर्चीपाशी उभ्या राहिल्या की तुम्हीही शेजारी दुसरी खुर्ची ओढा. वीस मिनिटं दोघींनी मिळून केलं तर त्यांना सोबत होईल आणि तुमची वीस वर्षांनंतरची बेगमी आत्ताच होईल. जिच्याशी एरवी फक्त कुकरच्या शिट्ट्यांबद्दल बोलणं होतं, तिच्याशी चार वेगळ्या गप्पाही होतील.

तर मग आज संध्याकाळी एवढंच करा. घरातली सगळ्यात भक्कम खुर्ची शोधा, भिंतीला टेकवून ठेवा आणि सासूबाईंना म्हणा, "आई, पाच वेळा. फक्त पाच." उद्याचं उद्या पाहू.